मदत हवी आहे: आरएसएस फीड वाचायला सध्या काय वापरता?

नमस्कार मंडळी,

मी एका नागरी सहकारी बँकेत कम्प्लायन्सचं काम बघतो. आरबीआयचं नवं सर्क्युलर आलं की आमच्याकडे आधी पोचतं ते व्हॉट्सॅप ग्रुपवर, त्यातही कुणीतरी जुनंच पीडीएफ 'तातडीने वाचा' म्हणून फिरवतं आणि तारीख बघेपर्यंत निम्मं ऑफिस कामाला लागलेलं असतं. मला थेट मूळ जागेवरून हवंय. आरबीआयच्या साइटवर प्रेस रिलीज, नोटिफिकेशन वगैरेच्या वेगळ्या आरएसएस फीड (साइटवर नवं काही आलं की ज्यात त्याची नोंद आपोआप पडते अशा याद्या) आहेत, पण लिंक उघडली की नुसता कोड दिसतो.

पूर्वी अशा फीड एका जागी वाचायला गूगल रीडर होतं, ते १ जुलै २०१३ ला बंद झालं. मग फायरफॉक्समध्ये फीड बुकमार्कसारखी ठेवता यायची, २०१८ च्या शेवटी ६४ व्या व्हर्जनपासून तीही सोय गेली. त्यानंतर मी हा नाद सोडला होता, आता परत सुरू करायचंय.

ऑफिसच्या पीसीवर काही इन्स्टॉल करू देत नाहीत त्यामुळे ब्राउझरमध्येच चाललं पाहिजे, आणि तिथे वाचलेलं फोनवर परत 'न वाचलेलं' दिसायला नको. शिवाय काही मराठी ब्लॉग वाचायचेत (फीडचं ते नारिंगी चिन्ह हल्ली कुठे दिसतच नाही, मग फीडचा पत्ता काढायचा कसा?) आणि चारपाच यूट्यूब चॅनलही त्यातच आले तर बरं, कारण यूट्यूबचं होमपेज मला काय दाखवेल याचा नेम नाही. फुकट असेल तर उत्तम. आणि हेही उद्या बंद पडलं तर?

कट्ट्यावरचा: इनोरीडर किंवा फीडली. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, फोनवर ॲप आहे, एकीकडे वाचलेलं दुसरीकडे वाचलेलंच दिसतं. तुमच्या गरजेला फुकट खातं भरपूर झालं. बंद पडायची भीती असेल तर सेटिंगमधून ओपीएमएल फाइल काढून ठेवा, त्यात तुमच्या सगळ्या फीडची यादी असते, ती दुसऱ्या कुठल्याही रीडरला दिली की झालं. गूगल रीडर गेलं तेव्हा लोकांनी हेच केलं.

तांबडा_रस्सा: चिन्ह शोधत बसू नका हो. ब्लॉगचा साधा पत्ता रीडरमध्ये पेस्ट करा, फीडची लिंक पानाच्या कोडमध्ये लपलेली असते ती रीडर स्वतः शोधतो. नाहीच सापडली तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा, ब्लॉगस्पॉटला 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डिफॉल्ट' हे तीन शब्द मध्ये स्लॅश देऊन. यूट्यूबचंही तसंच, चॅनलच्या पानाचा पत्ता टाकायचा. फक्त त्या फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओच असतात, मागचं सगळं मिळेल असं समजू नका. आणि एखाद्या ब्लॉगचा पहिलाच परिच्छेद दिसला तर रीडरला शिव्या घालू नका, ब्लॉगवाल्यानेच सेटिंग तसं ठेवलेलं असतं.

निवांत_पुणेकर: थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये पण फीड वाचता येतात, घरच्या पीसीवर मी तेच वापरतो, पण यांना चालणार नाही. एक तर इन्स्टॉल करावं लागतं, दुसरं म्हणजे फीडमध्ये शेवटच्या काहीच नोंदी असतात, पीसी बरेच दिवस बंद राहिला तर मधल्या कायमच्या गेल्या. ऑनलाइन रीडर तुम्ही झोपलात तरी तिकडे बघत असतो. पण तोही थोड्या थोड्या वेळाने बघतो बरं का, फुकट खात्यात कधी कधी जास्तच वेळाने. त्यामुळे सर्क्युलर त्याच मिनिटाला दिसेल ही अपेक्षा नको. आरबीआयच्या फीड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, ब्लॉग वेगळ्या, नाहीतर पाककृतींच्या खाली सर्क्युलर दबतात. ब्लॉगच्या फोल्डरला अधूनमधून सरळ 'मार्क ऑल ॲज रीड' मारायचं, काही बिघडत नाही.

धागाकर्ता: वा, धन्यवाद! इनोरीडरमध्ये आरबीआयच्या दोन्ही फीड लागल्या, ब्लॉगही आले. एकच राहिलं, ज्या सरकारी साइटला फीडच नाही तिचं काय करायचं?

तांबडा_रस्सा: गूगल अलर्ट करून बघा. विषयाचे शब्द टाकायचे आणि ईमेलच्या जागी 'आरएसएस फीड' निवडायचं, मिळालेली लिंक रीडरला द्यायची. पण जुन्या मराठी पीडीएफवर भरवसा ठेवू नका, त्यातले बरेच कृतिदेव नाहीतर श्रीलिपी अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात, वाचायला मराठी दिसतं पण सर्चला ती निव्वळ अगम्य अक्षरं. तसल्या साइटचं पान बुकमार्क करून सोमवारी सकाळी स्वतःच उघडायचं, मी तरी तेच करतो.