विषय: मुलीला काउंटीच्या व्होटेक शाळेत पाठवावे का?

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी यंदा आठवीत आहे. न्यू जर्सीतील आमच्या काउंटीच्या व्होटेक, म्हणजे व्यवसाय-तंत्रशिक्षणाच्या, शाळेतील इलेक्ट्रिकलच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा, असे तिने दिवाळीच्या आधीच ठरवले आणि शाळेतील समुपदेशक बाईंकडून माहितीपत्रकही आणले. तिचे गणित चांगले आहे, तेव्हा हा निर्णय तिने नाइलाजाने घेतलेला नाही. घरात मात्र तेव्हापासून अस्वस्थता आहे. तिच्या बाबांचे आणि माझे शिक्षण महाराष्ट्रात झाले. दहावीला कमी टक्के पडले की आयटीआय, हे आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ‘व्होकेशनल’ हा शब्द कानावर पडताच मन मागे सरते. तेराव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाने पुढे इंजिनिअरिंगचा मार्ग बंद तर होणार नाही ना, आणि जिथे जवळजवळ सगळे मुलगेच असतील अशा वर्गात तिची चार वर्षे कशी जातील, या दोन काळज्या मला आहेत. ‘त्यापेक्षा एखाद्या नावाजलेल्या अकॅडमीच्या प्रवेशाची तयारी करून घ्या’ असा सल्ला बहुतेकांनी दिला. ज्यांना या शिक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपली,
आठवीतील मुलीची आई

---

ताई, नमस्कार.

मी बरीच वर्षे न्यू जर्सीतील एका सार्वजनिक शाळेत तंत्रविषय शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याला मिळालेल्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो. आपल्या राज्यात २१ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीत व्यवसाय-तंत्रशिक्षणाची व्यवस्था आहे. बर्गन काउंटी अकॅडमीज्, लिंक्रॉफ्टचे हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल, एडिसनमधील मिडलसेक्स काउंटी अकॅडमी या ज्या शाळांच्या प्रवेशासाठी आपल्या समाजातील मुले सहावी-सातवीपासून शिकवण्या लावतात, त्या याच काउंटी व्होकेशनल व्यवस्थेच्या शाळा आहेत. प्रयोगशाळा आणि कार्यशाळा या एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीला आपण मान देतो नि दुसरीचे नाव काढायला कचरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही आपली भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण तिला इतिहास आहे. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसायशिक्षणाला प्रथम संघीय पैसा मिळाला, पण त्याच कायद्याने या शिक्षणाची चूल उर्वरित शाळेपासून वेगळी मांडली. पुढील अनेक दशके गरीब, कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित घरांतील मुलांना, त्यांची कुवत न पाहता, त्या वेगळ्या वाटेवर लावले गेले. हा प्रकार इतका रुजला होता की १९७९ साली संघीय नागरी हक्क कार्यालयाला व्यवसायशिक्षणातील भेदभावाविरुद्ध स्वतंत्र मार्गदर्शक नियम काढावे लागले. १९८४ साली केंटकीचे लोकप्रतिनिधी कार्ल पर्किन्स यांच्या नावाने नवा कायदा झाला, २००६ साली कायद्याच्या नावातून ‘व्होकेशनल’ शब्द जाऊन ‘करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन’ आले, आणि सध्या लागू असलेली आवृत्ती २०१८ ची आहे. शाळेत आम्ही या शिक्षणाला नुसते सीटीई म्हणतो. नाव बदलल्याने सारे बदलले असे नाही. पण आज या कायद्याखाली पैसा घेणाऱ्या शाळेला आपली मुले पदवीधर किती होतात, भाषा-गणितात कुठे आहेत आणि शाळा संपल्यावर कुठे जातात, याचा हिशेब द्यावा लागतो, आणि हा हिशेब जुन्या काळी कोणी मागत नव्हते.

महाविद्यालयाचा मार्ग बंद होतो का, या प्रश्नावर एक जुना पण भक्कम अभ्यास आहे. एमडीआरसी या संस्थेने नऊ हायस्कुलांतील ‘करिअर अकॅडमी’ (शाळेतच एका व्यवसायक्षेत्राभोवती आखलेले छोटे गट) उपक्रमांचा अभ्यास केला, ज्यात इच्छुक मुलांपैकी कोणाला प्रवेश मिळणार हे चिठ्ठ्यांप्रमाणे ठरले होते. २००८ साली आलेल्या अहवालात असे दिसले की प्रवेश मिळालेल्या गटाची कमाई शाळेनंतरच्या आठ वर्षांत सरासरी सुमारे ११ टक्क्यांनी अधिक होती, आणि ही वाढ प्रामुख्याने मुलग्यांत होती. पुढील शिक्षण पूर्ण करण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे महाविद्यालयाचे दार त्या शिक्षणाने उघडलेही नाही आणि लावलेही नाही. ते अभ्यासक्रम आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमासारखेच होते असे नाही, तेव्हा यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये.

खरे दार वेळापत्रकात असते, आणि तिकडे पालकांचे लक्ष जात नाही. काही अभ्यासक्रम पूर्णवेळ असतात, तर काहींत मूल अर्धा दिवस व्होटेकला आणि अर्धा दिवस आपल्या गावच्या हायस्कूलला असते. दुसऱ्या प्रकारात बस धरण्यात वेळ जातो, आणि नेमक्या त्याच तासाला भौतिकशास्त्राचा एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीचा, वर्ग असेल तर तो सुटतो. मुलीला इंजिनिअरिंगची वाट मोकळी हवी असेल तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस घेता येईल का, भौतिकशास्त्र कोणत्या पातळीचे शिकवतात, आणि ‘कॉलेज क्रेडिट मिळते’ असे म्हणतात ते फक्त शेजारच्या काउंटी कॉलेजात चालते की राज्य विद्यापीठही ते मान्य करते, हे ओपन हाउसच्या, म्हणजे पालकांना शाळा दाखवण्याच्या, दिवशी नेमके विचारा. आपल्यावर शिक्षणशुल्काचा भार पडत नाही. ते आपल्या गावचा शाळा-जिल्हा भरतो.

प्रमाणपत्रांबाबतही तितकेच काटेकोर असावे. बांधकामातील सुरक्षिततेचे, ओशा या संघीय कामगार-सुरक्षा संस्थेचे दहा तासांचे कार्ड उपयोगी आहे, पण ते प्रशिक्षण दोन दिवसांचे आहे; चार वर्षांच्या शेवटी तेवढेच हाती येत असेल तर अभ्यासक्रम पातळ आहे असे समजावे. याउलट परिचारिका-साहाय्यकाच्या प्रशिक्षणाला संघीय नियमाने किमान ७५ तास आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे काम लागते, म्हणून त्या कागदाला वजन आहे. इलेक्ट्रिशियन होण्यासाठी तर शाळेनंतर साधारण चार-पाच वर्षांची वेतनासह उमेदवारी (अप्रेंटिसशिप) करावी लागते. शाळेचा अभ्यासक्रम ही तिची पूर्वतयारी आहे आणि तो पूर्वतयारी म्हणूनच पारखावा.

आता आपल्या दुसऱ्या काळजीविषयी. ज्या व्यवसायात स्त्रियांचे किंवा पुरुषांचे प्रमाण २५ टक्क्यांहून कमी आहे त्याला पर्किन्स कायदा ‘अपारंपरिक’ म्हणतो आणि अशा अभ्यासक्रमांत त्या गटाची किती मुले टिकतात हे शाळेला मोजावे लागते. म्हणून इलेक्ट्रिकलला गेल्या काही वर्षांत किती मुली आल्या आणि त्यांतल्या किती बारावीपर्यंत राहिल्या, हे विचारण्यात संकोच करू नका. माझ्या वर्गात एकटी मुलगी असली की तिच्या हातातले पक्कड कोणीतरी ‘मी करतो’ म्हणून घेते, आणि ते शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात थांबवले नाही तर वर्षभर ती मुलगी नोंदी लिहीत बसते. म्हणून कार्यशाळा चालू असताना जाऊन पाहा आणि मुलींच्या हातांत काय आहे ते पाहा.

आपला,
एक शिक्षक सभासद

---

सर्वांस नमस्कार.

सरांचे पत्र फार उपयुक्त आहे. त्यात एका गोष्टीची भर घालते, कारण आमच्या घरी ती उशिरा कळली. मुले एच-४ व्हिसावर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असतील तर सार्वजनिक शाळेतील हे अभ्यासक्रम त्यांना खुले आहेत, परंतु एच-४ वरील मुलांना नोकरीचा परवाना मिळत नाही. २०१५ पासून जो मिळतो तो काही विशिष्ट परिस्थितीतील जोडीदारांना. त्यामुळे वर्गातील इतर मुले अकरावी-बारावीत पगारी कामावर जात असताना आमचा मुलगा कार्यशाळेतच राहिला. बारावीनंतरची उमेदवारी ही मुळात नोकरी असल्याने ग्रीन कार्ड येईपर्यंत तीही शक्य नव्हती. बिनपगारी काम आपोआप चालते असेही गृहीत धरू नये. ते वकिलांना विचारूनच ठरवावे. तो हल्ली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शाळेतला वेळ वाया गेला असे त्याला वाटत नाही, पण त्या दोन वर्षांत त्याला एकटे पडल्यासारखे झाले, आणि आधी माहीत असते तर आम्ही त्याच्याशी बोललो असतो.

आपली,
एक सभासद

---

सर आणि ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

आम्हीही अजून एच-१बी वर आहोत, आणि ताईंनी लिहिलेली गोष्ट आमच्या चर्चेत एकदाही आली नव्हती. काल रात्री तिच्या बाबांनी दोन्ही पत्रे तिला वाचून दाखवली. पगारी कामावर कदाचित जाता येणार नाही, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले की कार्यशाळेत राहणाऱ्या मुलांना तेव्हा काय शिकवतात. हा प्रश्न आम्ही शाळेला विचारायच्या यादीत सर्वांत वर लिहिला आहे. अर्ज ती भरणार आहे. ओपन हाउसनंतर कार्यशाळा चालू असताना पाहायला मिळावी, अशी विनंती मी आज समुपदेशक बाईंना पाठवली. परवानगी मिळाली तर तिचे बाबा रजा घेऊन सोबत येणार आहेत.

आपली,
आठवीतील मुलीची आई