सेकंडहँड आलिशान एसयूव्ही की मोठी व्हॅन? तुमचा अनुभव सांगा

आम्ही कोल्हापूरकर, घरात सात माणसं. आजीचे गुडघे पार गेलेत. वर्षातून तीनदा तरी आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं असतंच. साधारण २० लाखांत आठ वर्षं जुनी जर्मन सात सीटर मिळतेय, आणि त्याहून कमी पैशांत चांगली ठेवलेली १३ सीटर ट्रॅव्हलर. ज्यांनी यांपैकी काही वापरलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

पुण्याहून
मी एसयूव्ही घेतली होती. एक्स्प्रेसवेला लागलो की मुलगी दहा मिनिटांत गाढ झोपायची, इतकी शांत गाडी. तिसऱ्या वर्षी एका सकाळी पार्किंगमध्ये पाहतो तर पुढची उजवी बाजू खाली बसलेली. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात आणि कंप्रेसर त्यांत हवा भरतो. एका फुग्याला बारीक चीर गेली होती. गळलेली हवा भरून काढता काढता कंप्रेसरही जळाला. बिल १ लाख ८० हजार. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही. घेण्याआधी ती रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी चारही चाकांवरची उंची टेपने मोजा. तेवढं मी केलं असतं तर वाचलो असतो.

कराडहून
आमची ट्रॅव्हलर. गणपतीला कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो, अकरा माणसं, मोदकांचे डबे, मखराचं सामान, सगळं एकाच गाडीत. मधल्या वाटेने वाकून चालता येतं, त्यामुळे कुणाला उलटी आली तर पिशवी लगेच पोचते! पण खरं सांगते, मागच्या चाकांमागच्या सीटवर खड्डा थेट कमरेत बसतो. वडीलधाऱ्यांना दोन चाकांच्या मधल्या रांगेत बसवा. आणि मॉलच्या तळघरात ती उंचीमुळे जात नाही, हे गृहीत धरा. दुरुस्तीची मात्र चिंता नाही, तालुक्याच्या गावातला मेस्त्रीही ती उघडतो.

डॅलसहून
इकडे आम्ही फोर्ड ट्रान्झिट घेतली, १२ सीटर. आई-बाबा भारतातून आले की दोन गाड्या काढायला नकोत. एक काळजीची गोष्ट: अशा उंच व्हॅन पूर्ण भरल्या की उलटण्याचा धोका वाढतो. इथली वाहन सुरक्षा संस्था १५ सीटर व्हॅनबद्दल सांगते की माणसं कमी असतील तर पुढे बसवा, टपावर सामान लादू नका, टायरमधली हवा तपासा. मी प्रवासाआधी दर वेळी हवा बघतोच.

पुन्हा कोल्हापूरहून
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आजीला घेऊन दोन्ही गाड्या बघून आलो. एसयूव्हीत मधली सीट पुढे ढकलून मागे जावं लागतं. आजीला मधे बसवलं तर मागे बाबा, आणि त्यांचे गुडघे हनुवटीशी. ट्रॅव्हलरची पायरी उंच होती, पण दाराजवळचा दांडा धरून आजी स्वतः चढली. खालून आम्ही नुसता हात पुढे केला होता. तिने तो धरला नाही. खाली एक जादा पायरी बसवून द्यायला मालक तयार आहे, रविवारी घाटात चालवून बघतोय.