मॅनेजरनं खेळाडूची चूक चव्हाट्यावर मांडावी का? बेसबॉलवाल्यांचा अनुभव धागा

जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स एकामागून एक सामने हरत होते. तेव्हा मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ पत्रकारांना म्हणाले की दोष प्रशिक्षकांचा कधीच नसतो. ते राबतातच, जबाबदारी खेळाडूंनीही घ्यायला हवी. याच मार्टिनेझ यांच्या हाताखाली संघानं २०१९ ची वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) जिंकली होती. ६ जुलैला त्यांना आणि जनरल मॅनेजर माइक रिझो यांना एकाच दिवशी नारळ मिळाला. संघ विभागात तळाला होता, त्यामुळे एका वाक्यानं नोकरी गेली असं कुणी म्हणणार नाही. पण ते वाक्य पुसलंही गेलं नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी एवढंच सांगते: इथला मॅनेजर म्हणजे दौऱ्याची तिकिटं बघणारा गृहस्थ नव्हे. तो गणवेश घालून डगआउटमध्ये (मैदानालगतच्या संघाच्या बाकापाशी) उभा असतो, फलंदाजीचा क्रम लिहितो, पिचर (चेंडू टाकणारा) बदलतो आणि हंगामातल्या १६२ सामन्यांत रोज दोनदा पत्रकारांसमोर बसतो. रोज बोलावं लागतं, म्हणूनच हा प्रश्न रोजचा.

ज्यांना आतलं ठाऊक आहे त्यांनी लिहा. "चांगलं की वाईट" एवढंच नको. कुठली चूक, कधी बोलायचं, काय बोलायचं आणि कुठे बिनसतं, तेही येऊ द्या.

गुणलेखन करणारा

सुरुवात वहीपासून करू, कारण निम्मा गोंधळ तिथलाच आहे. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून सोपा चेंडू निसटला की फलकावर ई-६ लागतं: ई म्हणजे एरर, ६ हा त्याच्या जागेचा क्रमांक. ती चूक जगजाहीर झाली. मॅनेजरनं तिच्यावर एक शब्दही बोलायची गरज नाही. पण नियमावली स्पष्ट सांगते की मनाची चूक किंवा चुकलेला अंदाज 'एरर' म्हणून लिहायचा नाही. आउटफिल्डरनं (दूरच्या क्षेत्ररक्षकानं) कटऑफला, म्हणजे फेक मधे झेलायला, उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून थेट होमकडे (फलंदाजाच्या बेसकडे) फेक केली आणि तेवढ्यात फलंदाज दुसऱ्या बेसवर गेला, तरी फेक नीट पोचली असेल तर एरर नाही. दोघांनी एकमेकांकडे बघत चेंडू मधे पडू दिला, कुणाचा हात लागला नाही, तर बहुतेक वेळा 'हिट' (फलंदाजाचा यशस्वी फटका) लिहिला जातो आणि धावा बिचाऱ्या पिचरच्या नावावर चढतात. किती आउट झालेत हे विसरणं, खूण न पाहणं, रमतगमत धावणं, यांना वहीत रकानाच नाही.

म्हणजे ज्या चुकांमुळे मॅनेजरचं रक्त उकळतं त्या नेमक्या नोंदीबाहेर राहतात. त्यांची जाहीर नोंद होते ती फक्त त्याच्या तोंडून. माझ्या मते वादाचं मूळ इथे आहे. ई-६ वर बोलणारा मॅनेजर निव्वळ मीठ चोळतो. चुकलेल्या कटऑफवर बोलणारा निदान पिचरची बाजू तरी मांडत असतो.

(रागाला सुरक्षित वाट हवी असेल तर आम्ही आहोतच. स्कोअररला २४ तासांत निर्णय बदलता येतो, आणि क्लब किंवा खेळाडूला ७२ तासांत लीगकडे दाद मागता येते. "ती हिट कशी काय?" असं म्हणून आमच्यावर घसरलं की क्लबहाउसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खोलीत, कुणी दुखावत नाही.)

सामन्यांचं वार्तांकन करणारी

वेळेचं गणित सांगते. शेवटचा आउट झाल्यावर साधारण दहा मिनिटांत क्लबहाउस पत्रकारांना उघडतं. मॅनेजर त्याच सुमारास बोलतो, आणि तिथून सगळे थेट त्या खेळाडूच्या लॉकरपाशी जातात. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅनेजर असं असं म्हणाले, तुमचं काय म्हणणं?" खेळाडूला ते वाक्य पत्रकाराच्या तोंडून पहिल्यांदा कळलं, तर संध्याकाळ हातची गेली. तो काय बोलेल यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

म्हणून त्या दहा मिनिटांत जाणता मॅनेजर तीन कामं उरकतो. चित्रफीत पाहतो, कारण डगआउटमधून उजव्या कोपऱ्यातलं धड दिसतही नाही. त्या जागेच्या प्रशिक्षकाला विचारतो की खूण दिली होती का आणि कुणी. मग खेळाडूला डगआउटमागच्या बोगद्यात किंवा केबिनमध्ये गाठून अर्ध्या मिनिटात सांगतो, "मला हे विचारतील आणि मी हे सांगणार आहे." इतकं केलं की बाहेर बोललेलं कडक वाक्यही पचतं.

वाक्य कसं असावं? कर्ता चेंडू ठेवायचा, माणूस नाही. "फेक कटऑफकडे यायला हवी होती, आम्ही बोललो आहोत," इथे पूर्णविराम. "त्याचं लक्षच नसतं" म्हटलं की मथळा तयार झाला. 'नेहमी', 'परत', 'अजूनही' हे शब्द सगळ्यांत घातक. ते एका खेळीची तक्रार स्वभावावर नेऊन ठेवतात.

आणखी एक. खेळाडूंचा मोठा हिस्सा स्पॅनिश बोलणारा आहे. २०१६ पासून प्रत्येक संघाला स्पॅनिश दुभाषे ठेवावे लागतात, पण मॅनेजरचं इंग्रजी वाक्य मोबाइलवरून खेळाडूच्या घरी दुभाष्याच्या आधी पोचतं. तिरकस विनोद किंवा उपरोध भाषांतरात मरतो, शिवी तेवढी उरते.

जुन्या सामन्यांचा अभ्यासक

शब्दांपेक्षा कृती मोठी, आणि बेसबॉलमध्ये ती पूर्ण मैदानाला दिसते. चालू इनिंगमध्ये खेळाडूला बाहेर काढणं याहून जाहीर टीका नाही. याची दोन टोकं पाहा.

३० जुलै १९६९, शे स्टेडियम. न्यू यॉर्क मेट्स सपाटून मार खात होते. डावीकडे गेलेल्या चेंडूमागे क्लिऑन जोन्स जीव लावून धावला नाही असं मॅनेजर गिल हॉजेस यांना वाटलं. ते डगआउटमधून निघाले, पिचरला ओलांडून चालत थेट लेफ्ट फील्डपर्यंत गेले आणि जोन्सला सोबत घेऊन परतले. जाहीर कारण मात्र पायाच्या दुखापतीचं दिलं. कृती कठोर होती, पण खेळाडूला मान वर ठेवायला जागा राहिली. जोन्सनं त्या हंगामात .३४० ची सरासरी राखली आणि वर्ल्ड सिरीजचा शेवटचा झेल त्याच्याच हातात गेला.

१८ जून १९७७, फेनवे पार्क. बोस्टनच्या जिम राइसचा चेंडू उजवीकडे पडला, यांकीजचा रेजी जॅक्सन सावकाश गेला आणि त्यांचे मॅनेजर बिली मार्टिन यांनी पॉल ब्लेअरला मधेच आत धाडलं. जॅक्सन डगआउटमध्ये आल्यावर दोघे एकमेकांच्या अंगावर जायचे तेवढे राहिले, आणि हे सगळं देशभर टीव्हीवर चालू होतं. यांकीज त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले, तिच्या सहाव्या सामन्यात जॅक्सनचे तीन होमरन (थेट कुंपणापार फटके). त्यामुळे "जाहीर पाणउताऱ्यानं संघ फुटतो" हा नियम लगेच मांडू नका. पण जखम आत राहिली. जुलै १९७८ मध्ये बंटची (चेंडू बॅटनं नुसता जवळच पाडण्याची) खूण मागे घेतल्यावरही जॅक्सन बंट मारत राहिला, निलंबित झाला. आणि आठवड्याभरात त्याच्याबद्दल व मालकाबद्दल पत्रकारांपुढे बोललेल्या वाक्यापायी मार्टिन यांनाच राजीनामा द्यावा लागला.

अटलांटाचे मॅनेजर राहिलेले बॉबी कॉक्स यांचं उदाहरण मला जास्त आवडतं. खेळाडूंना बाहेर कधी उघडं पाडायचं नाही, त्यांच्यासाठी पंचांशी भांडून मैदानाबाहेर जायचं, हा त्यांचा खाक्या. हकालपट्टीचा विक्रमही त्यांच्याच नावावर. त्याच कॉक्स यांनी जुलै १९९८ मध्ये अँड्रू जोन्सला चालू इनिंगमध्ये बाहेर काढलं. क्वचित वापरलं म्हणून ते लागलं.

मायामीकडचा

वरच्या यादीत २०१० चा फ्लोरिडा मार्लिन्सचा हॅन्ली रामिरेझ हवाच. १७ मे रोजी चेंडू त्याच्याच पायाला लागून लेफ्ट फील्डकडे घरंगळला, हा रमतगमत मागे गेला आणि दोन धावा झाल्या. मॅनेजर फ्रेडी गोन्झालेझ यांनी त्याला काढलं. त्याच सामन्यात आधी त्याच्या पायावर चेंडू बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं पत्रकारांसमोर मॅनेजरवर तोंडसुख घेतलं, मग पुन्हा बेंचवर बसला, मग सहकाऱ्यांची माफी मागितली. निर्णय बरोबर होता असं जवळपास सगळेच म्हणाले. २३ जूनला गोन्झालेझ यांची नोकरी गेली. बरोबर असणं आणि टिकणं वेगळं. ज्याच्याशी क्लबचा मोठा दीर्घ करार आहे त्याला जाहीर बोलण्याआधी वरच्या मजल्यावरचं आपलं वजन तपासावं.

आकडेवारीवाला

"धावला नाही" हा आरोप आता मोजता येतो. बेसपासून बेस ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. धावण्याचा सर्वोच्च वेग मेजर लीगमध्ये सरासरी सेकंदाला २७ फूट, ३० म्हणजे अव्वल. उजव्या हाताचा सर्वसाधारण फलंदाज पहिल्या बेसला साधारण ४.३ सेकंदांत पोचतो. तोच माणूस ५ सेकंद घेत असेल तर घरी बसलेल्यालाही ते दिसतं. अशा वेळी "मला तसं काही वाटलं नाही" म्हणणारा मॅनेजर खेळाडूला वाचवत नाही, स्वतःची पत घालवतो.

उलट बाजूही आहे. मांडीचा मागचा स्नायू धरलेला असला की प्रशिक्षकच सांगतात, सरळ आउट दिसत असेल तर ताणू नकोस. हे बाहेर सांगितलं तर प्रतिस्पर्ध्याला कळतं की हा आज बेस चोरणार नाही. नाही सांगितलं तर खेळाडू कामचुकार ठरतो. मधला मार्ग म्हणजे "त्याच्याशी बोललो, मला कारण माहीत आहे."

उत्तर, वार्तांकन करणारीकडून

सहमत. ऑगस्ट २०१९ मध्ये अटलांटाचा रोनाल्ड अकुन्या ज्युनियर चेंडू होमरन गेला समजून बघत राहिला, तो भिंतीवर आदळला आणि दोन बेसचा फटका एकावर आला. मॅनेजर ब्रायन स्निटकर यांनी त्याला काढलं आणि नंतर सांगितलं की धावायलाच हवं. लपवाछपवी नाही, पुढच्या दिवशी विषय बंद. त्याआधी ऑगस्ट २००८ मध्ये टॅम्पा बे रेजचे मॅनेजर जो मॅडन यांनी बी. जे. अप्टनला याच कारणासाठी दोनदा धडा दिला. त्याच ऑक्टोबरमध्ये अप्टननं प्लेऑफमध्ये सात होमरन मारले आणि रेज वर्ल्ड सिरीजला पोचले.

बोस्टनचा

वरची उदाहरणं खेळीवरची आहेत. मनावर बोलण्याचं उदाहरण हवं तर एप्रिल २०१२. आमचे तेव्हाचे मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन टीव्हीवर म्हणाले की आमचाच केव्हिन युकिलिस पूर्वीसारखा शरीरानं किंवा मनानं खेळात दिसत नाही. विचारणाऱ्यानं चूक विचारलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी माफी झाली, पण सहकारी डस्टिन पेड्रोयानं जाहीर सांगून टाकलं की आमच्याकडे असं चालत नाही. जूनमध्ये युकिलिस शिकागोला, संघ ६९ विजय आणि ९३ पराभवांवर, ऑक्टोबरमध्ये व्हॅलेंटाइन घरी. लेकी बोले सुने लागे म्हणतात तसं उरलेल्या चोवीस जणांनी ते ऐकलं: उद्या आपला नंबर.

खुणांचा जाणकार

तीन बॉल, शून्य स्ट्राइक (३-०, म्हणजे पिचरचे तीन चेंडू बाहेर गेलेले, एकही नीट पडलेला नाही) असताना "मारू नकोस" ही खूण तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक देतो. १७ ऑगस्ट २०२० ला सॅन डिएगो पाद्रेस १०-३ पुढे असताना त्यांच्या टाटिस ज्युनियरनं ती पाहिली नाही आणि ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला. लगेच पुढचा चेंडू पुढच्या फलंदाजाच्या, मचाडोच्या पाठीमागून गेला. पाद्रेसचे मॅनेजर जेस टिंगलर यांनी खूण चुकली हे बाहेर सांगितलं, आणि देशभरातून शेरे मॅनेजरवरच आले. खूण चुकली तर ती पोचली का, हा प्रश्न आधी प्रशिक्षकाला. बाहेर सांगायचीच असेल तर "आमची" चूक म्हणून.

मे २०२१ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचे मॅनेजर टोनी ला रुसा याहून पुढे गेले. व्हाइट सॉक्स १५-४ पुढे होते, समोरून पिचरऐवजी एक फलंदाजच चेंडू टाकत होता, चेंडू ताशी जेमतेम ७५ किलोमीटरचा. व्हाइट सॉक्सच्या येर्मिन मर्सिडीझनं ३-० वर तो बाहेर भिरकावला. ला रुसा यांनी त्याची जाहीर हजेरी घेतली. दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी पिचरनं त्याच्या मागून चेंडू फेकला, तर ला रुसा म्हणाले की त्यात आपल्याला वावगं वाटलं नाही. स्वतःच्या खेळाडूवर समोरच्याला मोकळीक, हे मला अक्षम्य वाटतं. मर्सिडीझ जुलैच्या सुरुवातीला मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावर) गेला. कारण याच प्रकरणात शोधू नका, त्याचा फॉर्म घसरलाच होता. आणि संघानं विभाग जिंकला.

जपानमध्ये राहणारी

इथे पट्टी वेगळी. कात्सुया नोमुरा २००६ ते २००९ राकुतेनचे मॅनेजर असताना सामन्यानंतर पत्रकारांपुढे खेळाडूंबद्दल कुरकुरायचे, आणि ती कुरकुर तळाच्या संघालाही पेपरात जागा मिळवून द्यायची. त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे: तिसऱ्या दर्जाच्याकडे दुर्लक्ष, दुसऱ्याची स्तुती, पहिल्या दर्जाच्यावर टीका. म्हणजे जाहीर बोलणी खाणं हाच मान. ते चालतं कारण सगळ्या संघाला तो हिशेब आधीच माहीत असतो. अमेरिकेत कुणी नुसती कुरकुर उचलली आणि हिशेब सांगितलाच नाही, तर फक्त अपमान उरेल. शिवाय इथे न बोलता शिक्षा देता येते: पहिल्या संघाच्या नोंदणीतून नाव काढलं की दहा दिवस परत घेता येत नाही.

न्यू जर्सीत मुलांना शिकवणारा

लिटल लीगमध्येही पदाचं नाव मॅनेजरच, म्हणून आपले बरेच मराठी आईबाबा टीव्हीवरचं मैदानात आणतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी डगआउटमधून मारलेली हाक हीच पत्रकार परिषद. चेंडू सुटला की त्या क्षणी काही नाही. पुढची खेळी पंधरा सेकंदांत येते आणि घाबरलेलं मूल तीही सोडतं. इनिंग संपल्यावर बाकावर शेजारी बसून एकच गोष्ट, तीही पायांबद्दल किंवा ग्लव्हबद्दल. "किती आउट?" हे मात्र प्रत्येक फलंदाजाआधी सगळ्यांना मोठ्यानं विचारा, मनाच्या निम्म्या चुका तिथेच मिटतात. पिचर थकल्यावर चुकतो हेही बघा. ११-१२ वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, पण खांदा त्याच्या आधीच खाली येऊ लागतो.

पिचिंगकडे बघणारा

पिचरबद्दल कुणी लिहिलं नाही. "स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) बाहेर हवा होता, त्यानं मधे टाकला" असं मॅनेजर बोलला की त्या फलंदाजासाठीचा बेत समोरच्यांना फुकट मिळतो, आणि मालिकेतले दोन सामने अजून बाकी असतात. चेंडू कॅचरनं (फलंदाजामागे बसून झेलणाऱ्यानं) मागितला, डगआउटनं मागितला की पिचरनंच नकार देऊन बदलला, हे बाहेरच्याला दिसत नाही; त्यामुळे दोष एकाचा सांगितला तरी दोघे-तिघे दुखावतात. इथे "जागा चुकली" एवढंच पुरे. खरं बोलणं पुढच्या बुलपेन (पिचरच्या सरावाच्या) सत्रात, कॅचरला शेजारी उभं करून.