मदत हवी आहे: गच्चीवर 14 जणांची भरीत पार्टी, आणि आम्हालाही पाहुण्यांत बसायचंय

गच्चीवाला_भुसावळ
डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी 10 मोठे आणि 4 मुलं जेवायला बोलवायची आहेत. बेत साधाच: भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, ताक. घर फ्लॅटमध्ये, पण सोसायटीची गच्ची वापरता येते. रांधणारे आम्ही दोघंच. मित्रमंडळी वर गप्पा मारतेय आणि आम्ही नऊपर्यंत ओट्यापाशी, असं नको आहे. वांगी किती आणू? आधी काय करून ठेवता येईल? गच्चीवर काड्यांवर भाजता येतील का? दोघं कांदा-लसूण खात नाहीत.

कळणा
भरिताची चिंता सोडा भो, माणूस अडकतो तो भाकरीत. मोठ्यांना दोन-दोन, मुलांना एकेक धरली तरी 24 भाकरी. थापून-भाजून एकीला तीन मिनिटं, म्हणजे एका तव्यावर सव्वा तास. पुऱ्या केल्या तरी कढईपाशी कोणीतरी उभं राहणारच. तुमच्याकडे भाकरी करून देणाऱ्या ताई किंवा बचत गट असेल तर दोन दिवस आधी सांगून ठेवा आणि साडेसहाला गरम मागवा. घरीच करायच्या तर दोन तवे लावून सहाच्या आत उरका. सुती कपड्यात गुंडाळून टोपलीत ठेवा. स्टीलच्या बंद डब्यात भरल्या की वाफ धरते आणि खालच्या भाकरी ओल्या होतात.

कळणा चार वाटे ज्वारी, एक वाटा सालासकट काळे उडीद, थोडं जाडं मीठ. अडीच किलो दळून आणा. उडीद वाढवले की भाकरी चिवट होते. दळण आठवड्याच्या आतलं हवं. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग भाकरी थापताना कडेला तडकते.

तापीकाठ
वांगी 5 किलो. सालं, देठ आणि पाणी जाऊन तीन किलोच्या आसपास गर उरतो. बामणोद-भालोदकडची हिरवट-पांढरी मोठी वांगीच घ्या. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. आकाराच्या मानाने हलकं वांगं उचला, त्यात बिया कमी. भोकं पडलेलं नको.

गच्चीवर भाजता येईल, पण उघड्या फरशीवर जाळ नको, वॉटरप्रूफिंग तडकतं. खाली पत्रा, त्यावर चार बोटं वाळू, भोवती विटा, शेजारी पाण्याची बादली. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांचा एक मोठा भारा पुरतो. प्लायवुडचे तुकडे अजिबात टाकू नका, त्यातल्या डिंकाचा धूर अन्नात उतरतो. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा आणि दुपारी चारलाच जाळ करा, म्हणजे पाहुणे येईपर्यंत धूर गेलेला असतो.

वांग्याला तीन-चार ठिकाणी सुरी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं. वरून तेलाचा हात. उलटत राहा, देठापाशी बोटाने दाबल्यावर मऊ लागलं की झालं. पातेल्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. नळाखाली धुवू नका, सगळी धुराची चव जाते. हात पाण्यात बुडवून सोला. सोललेला गर तिरप्या चाळणीत ठेवून पाणी निथळू द्या. मिक्सर नको. बिया दळल्या जाऊन कडवटपणा येतो आणि गर चिकट होतो. लाकडी मुसळीनेच ठेचा.

5 किलोला हिरवी मिरची पाव किलो, लसूण दीडशे ग्रॅम, कांद्याची पात पाऊण किलो, शेंगदाणे पाव किलो, तेल अर्धा लिटर, शिवाय सुक्या खोबऱ्याचे काप आणि कोथिंबीर. मिरची-लसूण तेलात परतून भरडच कुटा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचा आणि मुलांचा गर *फोडणीआधी* बाजूला काढा. त्यांना जिरं, शेंगदाणे आणि बेताची मिरची पुरे. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं की पाणी सुटतं.

गच्चीवाला_भुसावळ
धन्यवाद. काड्या नाहीच मिळाल्या तर गॅसवर?

तापीकाठ
चालेल, चव थोडी कमी. पण एका वांग्याला पंधरा मिनिटं धरा. डझनभर वांगी दोन शेगड्यांवर म्हणजे दीड तास, तेव्हा तीनलाच सुरू करा.

केळीचं_पान
एक वेगळं मत. सगळं आधीच संपवू नका. सोलून निथळलेला गर आणि कुटलेली मिरची तयार ठेवा. ठेचणं आणि फोडणी पाहुण्यांना गच्चीवरच करू द्या, वीस मिनिटांचं काम. हातात मुसळ आली की नवखा माणूसही बोलू लागतो. ठेचा आदल्या रात्री. ताक खाली फ्रिजमध्ये, मीठ-जिरं घालून तयार.

जेवायला केळीची पानं घ्या, भांडी घासणं वाचतं. थंडी पडते, म्हणून सातला पंगत बसवा आणि दोन सतरंज्या जास्तीच्या ठेवा. आणि तारीख पक्की करण्याआधी विचारून घ्या: कोणाचा चातुर्मासात वांगी न खाण्याचा नेम चंपाषष्ठीपर्यंत चालू असेल, तर त्यानंतरचा रविवार धरा.