बायबलमधल्या लग्नाचे शब्द : साहाय्यक, एकदेह, करार

सुदामानगरची :
नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या मित्राचं लग्न आहे, मराठी ख्रिस्ती घर, आजोबा नगरकडून इंदूरला आलेले. चर्चमध्ये वाटायची पुस्तिका मराठी-हिंदी दोन्हीत छापतायत आणि माझं मराठी "त्यातल्या त्यात बरं" म्हणून प्रूफ माझ्या गळ्यात. पहिल्याच पानावर बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, अध्याय २, मनुष्य एकटा असावा हे बरे नाही म्हणून देव त्याच्यासाठी "अनुरूप साहाय्यक" करतो. आता मी सरकारी खात्यात, शेजारच्या टेबलावर सहायक ग्रेड-३ बसतात, डायरी-डिस्पॅच करतात, साहाय्यक म्हटलं की मला तेच दिसतं. नवरीला खटकेल असा शब्द आहे का हा? मूळ अर्थ काय, दुसरा शब्द बसेल का? आणि शेवटच्या पानावर "विवाह हा देवासमक्ष केलेला करार" असं आहे तेही जरा बघा.

छप्पनवाला भिया :
ताई ग्रेड-३ बायको नसते, नवरा असतो. तोही संविदावर 😄

मिशन कंपाउंड :
सुदामानगरची, प्रश्न चांगला आहे, आमच्या पिढीत कुणी विचारलाच नाही, ऐकत आलो आणि मान डोलावत आलो. मूळ हिब्रू शब्द आहे "एझेर". मदत. पण ही मदत हाताखालच्या माणसाची नव्हे. स्तोत्र १२१ मध्ये डोंगरांकडे डोळे लावून माणूस विचारतो माझी मदत कुठून येईल, आणि उत्तर येतं परमेश्वराकडून, तिथे हाच शब्द. जुन्या करारात (बायबलचा पहिला भाग) हा शब्द बऱ्याच ठिकाणी खुद्द देवासाठीच आलाय. आमच्यात एबनेझर नाव ठेवतात ना, त्यातला एझर तोच, मदतीचा दगड. म्हणजे ज्याच्यावाचून अडलंय तो, ज्याच्या येण्याने जीव वाचतो तो. मराठीत साहाय्यक किंवा मदतनीस (आवृत्तीप्रमाणे बदलतं) म्हटलं की हे वजनच उतरतं, मदतनीस तर आता अंगणवाडीतलं पद झालंय.

आणि त्याच्या आधीचं वाक्य बघा. पहिल्या अध्यायात उजेड झाला चांगले, जमीन झाली चांगले, झाडं प्राणी सगळं चांगले चांगले असं चाललेलं असतं आणि दुसऱ्या अध्यायात पहिल्यांदा देव म्हणतो की हे बरे नाही. हिब्रूत दोन्हीकडे एकच शब्द आहे, "तोव्ह". मराठीत एकीकडे चांगले आणि एकीकडे बरे आल्यामुळे तो धक्का लागतच नाही वाचणाऱ्याला. अजून पाप नाही, साप आला नाही, सगळं नीट आहे, तरी एक गोष्ट नीट नाही, माणूस एकटा आहे. ख्रिस्ती विचारात लग्नाची सुरुवात इथून धरतात, त्यामुळे लग्न ही पापात पडलेल्या माणसाला सावरायची तडजोड नव्हे, मूळ आराखड्यातच ते आहे.

सुदामानगरची :
वा. आणि "अनुरूप"? तो तर थेट स्थळांच्या जाहिरातीतला शब्द, अनुरूप वधू पाहिजे, गोरी, घरकामात दक्ष वगैरे.

मिशन कंपाउंड :
हो ना 😀 मूळ "केनेग्दो", नेगेद म्हणजे समोर. त्याच्या समोर उभी राहील अशी. हिंदी बायबलात "जो उससे मेल खाए" असं आहे, तेही गुळगुळीतच. ज्यू पंडितांनी यावर एक खुसखुशीत टिप्पणी केलीय, नवरा लायक असेल तर ती मदत, नसेल तर ती समोर (म्हणजे विरुद्ध!). मला विचाराल तर मराठीत याला तयार शब्द आहे, तोडीस तोड. देव आधी सगळी जनावरं-पाखरं आदामासमोर आणतो, तो एकेकाला नाव ठेवतो, आणि एवढी वरात समोरून गेल्यावर कळतं की यात तोडीस तोड कुणीच नाही. तिथे "अनुरूप" वाचलं की गोष्टीतली गंमत जाते.

छप्पनवाला भिया :
नावं ठेवतो म्हणजे नामकरण ना, आमच्या आत्या नावं ठेवतात तसं नाही ना

फासळीवाला प्रश्न :
मध्येच घुसतो. पुढे ती बाई आदामाच्या फासळीपासून केली म्हणजे आपल्याकडच्या अर्धांगिनीसारखंच झालं की. अर्धं अंग ती, अर्धं तो.

संस्कृतच्या बाई :
सारखं दिसतं पण सारखं नाही. अर्धांगिनीत हिशोब अर्ध्याचा आहे, तिच्याविना यजमान अपुरा, यज्ञाला बसायला ती हवी. उत्पत्तीतला शब्द "एकदेह" आहे, तिथे बेरीज वेगळी, दोन पुरी माणसं आणि मिळून एक.

बाकी मला स्वतःला जास्त मजा "विवाह" आणि "लग्न" यातल्या फरकाची वाटते. विवाह म्हणजे वि + वह्, वाहून नेणे, वधूला माहेराहून घेऊन जाणे. परिणय म्हणजे अग्नीभोवती नेणे, तिथेही नेणारा तोच, पाणिग्रहणात हात धरणारा तोच. सगळ्या शब्दांत मुलगी जागेवरून हलते, मुलगा तिला हलवतो. लग्न शब्द मात्र लग् धातूचा, लागलेलं, चिकटलेलं. (समारंभाला लग्न म्हणायला लागलो ते मुहूर्ताच्या लग्नावरून, क्षितिजाला लागलेली रास, तेव्हा फार ताणू नका कुणी. पण धातू तोच.)

मिशन कंपाउंड :
बाई तुम्ही नेमकं सांगितलंत, कारण उत्पत्ती २:२४ उघडून बघा, "पुरुष आपल्या आईबापास सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील, ती दोघे एकदेह होतील". सोडतो कोण? पुरुष! ज्या समाजात मुलगीच नवऱ्याच्या घरी जात होती त्या समाजात लिहिलेलं आहे हे. म्हणजे त्याने बिऱ्हाड हलवावं असं नाही, आईबापांचा मान राख ही आज्ञाही बायबलात पुढे आहे, पण पहिली निष्ठा कुणाशी ते बदललं. आणि "जडून राहील" मधलं क्रियापद "दावक", चिकटणे. रूथच्या गोष्टीत विधवा सून सासूला सोडून माहेरी जात नाही, तिला धरून राहते, तिथेही हेच क्रियापद. म्हणजे यात शरीराचं जवळ येणं आहेच पण त्याहून मोठी गोष्ट आहे, मी तुला सोडून जात नाही ही. आमच्याकडे चर्चमध्ये हे वाचतात तेव्हा मुलाच्या आईचा चेहरा बघत चला कधी, मी चाळीस एक लग्नांत बघितलाय.

फासळीबद्दल राहिलंच. हिब्रू शब्द "त्सेला", आणि निर्गम या दुसऱ्या पुस्तकात कराराच्या कोशाच्या (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी) बाजूंसाठी हाच शब्द येतो. म्हणजे बाजू, कूस. फासळी चूक नाही, पण बायकांना एक फासळी कमी किंवा जास्त असल्या गप्पा जे मारतात त्यांनी जरा थांबावं. आणि तिला बघितल्यावर आदाम जे बोलतो ते चक्क कवितेत बोलतो, बायबलमधलं माणसाचं पहिलं नोंदलेलं बोलणं हेच आहे. ईश – ईशा अशी कोटी आहे तिथे, मराठी-हिंदीत नर – नारी करून ती छान जमलीय.

सुदामानगरची :
एकदेह एकत्र की एक देह तोडून? प्रेसवाल्याने तोडलंय.

संस्कृतच्या बाई :
एकत्र. तोडलंत तर "देवाने जोडले ते माणसाने तोडू नये" ही ओळ पुस्तिकेतच असेल, ती तुमच्याच अंगावर येईल 😄

हायकोर्टाजवळचे वकील :
आता माझ्या खात्यातलं. करार शब्दावर मला आक्षेप आहे. लॉ कॉलेजात पहिल्या वर्षी घोकून घेतात की हिंदू विवाह हा संस्कार आणि मुस्लिम विवाह हा करार. तिथे करार म्हणजे काँट्रॅक्ट. आता पुस्तिकेत करार वाचून आमच्यासारख्याला वाटणार की भाडेकराराची गोष्ट चाललीय, अकरा महिने, नूतनीकरण उभयपक्षी संमतीने.

मिशन कंपाउंड :
वकीलसाहेब, आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा करार वेगळ्या कपाटातला आहे. जुना करार, नवा करार, यातला तो. हिब्रूत "बेरीथ". देवाने नोहाशी केला, अब्राहामाशी केला. काँट्रॅक्टमध्ये तू दिलंस तर मी देईन असतं, बेरीथमध्ये माणूस स्वतःलाच बांधून घेतो. संदेष्टा होशेय तर बेइमान बायकोला परत घरी आणतो आणि म्हणतो देवाचं आपल्याशी असंच चाललंय. हिंदी बायबलात यालाच "वाचा" म्हणतात, वाचा बाँधना, तो शब्द मला फार आवडतो. इंदूरला आमच्या घरात दोन्ही बायबलं होती, आजी मराठी वाचायची, प्रार्थनासभा हिंदीत. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ साली इथे आले, काम हिंदीत चाललं, आणि आमच्यासारखी मराठी घरं दोन भाषांच्या मध्ये लोंबकळत राहिली.

एक बारीक गोष्ट मात्र पुस्तिका लिहिणाऱ्याला सांगा. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत करार हा शब्द नाहीच. लग्नाला तो शब्द स्पष्टपणे संदेष्टा मलाखीच्या पुस्तकात (२:१४) लागतो, तरुणपणीच्या बायकोशी दगा करणाऱ्यांना तो खडसावतो की परमेश्वर तुमच्या दोघांत साक्षी होता. तेव्हा "निर्मितीच्या वेळी केलेला करार" असं छापू नका, "देवासमक्ष केलेला करार" बरोबर आहे.

संस्कृतच्या बाई :
करार हा अरबीतून आलेला, मुळात स्थैर्य, ठरणं, निवांत होणं. हिंदी गाण्यातलं बेकरार आठवा, त्यातलं करार तेच. भाडेकरार नंतरचा.

छप्पनवाला भिया :
म्हणजे लग्नाआधी बेकरार आणि लग्नानंतर करार. भिया हे तर पत्रिकेवर छापा

लाल चर्चजवळचा :
मी कॅथलिक, म्हणून एक भर. आमच्याकडे वकीलसाहेबांचा "संस्कार"च चालतो, सात संस्कारांपैकी एक. नव्या करारातल्या इफिसकरांस पत्र अध्याय ५ मध्ये प्रेषित पौल उत्पत्तीचं तेच वचन घेतो, सोडून, जडून, एकदेह, आणि म्हणतो हे रहस्य मोठे आहे, मी ख्रिस्त आणि मंडळीविषयी (म्हणजे चर्चविषयी) बोलतोय. ग्रीक "मिस्तेरिऑन", लॅटिन बायबलात त्याचं "साक्रामेंतुम" झालं. आणि गंमत म्हणजे लॅटिन परंपरेत हा संस्कार फादर देत नाहीत, नवरा-नवरी एकमेकांना देतात, फादर साक्षीदार. फादर आणि दोन साक्षीदार हवेतच हा नियम कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या परिषदेने १५६३ मध्ये घातला, चोरून लग्न करून नंतर नाकबूल व्हायचे लोक.

मिशन कंपाउंड :
आम्ही प्रॉटेस्टंट दोनच संस्कार मानतो, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आमच्या पंथाची सुरुवात ज्याच्यापासून धरतात तो लूथर तर लग्नाला जगाच्या व्यवहारातली बाब म्हणायचा, आणि १५२५ साली त्याने स्वतः मठातून बाहेर पडलेल्या जोगिणीशी लग्न केलं. त्याचा मुद्दा लग्न हलकं करायचा नव्हता, उलट ते चर्चच्या मालकीचं नाही, निर्मितीतलं आहे, सगळ्या माणसांचं आहे असा.

सुदामानगरची :
मग आमच्यासारख्यांचं काय? आमचं गोपाळ मंदिरात मंगलाष्टकं म्हणून झालेलं, ते तुमच्या हिशोबात लग्न धरतात का?

मिशन कंपाउंड :
धरतात तर! येशूला परूश्यांनी (यहुद्यांतला एक कर्मठ पंथ) घटस्फोटाचं विचारलं (मत्तय १९) तेव्हा तो मोशेच्या नियमाच्याही मागे जातो, थेट आरंभाला, नर व नारी अशी निर्माण केली तिथे. आदाम-हव्वा ना ख्रिस्ती होते ना यहुदी. त्यामुळे लग्न मोडून ख्रिस्ती व्हा असं पौलही सांगत नाही, १ करिंथ अध्याय ७, विश्वास न ठेवणारी बायको राहायला राजी असेल तर तिला सोडू नको.

लाल चर्चजवळचा :
आमच्याकडेही ते खरंच लग्न. फक्त दोघांचा बाप्तिस्मा झालेला असेल तरच त्याला संस्कार म्हणतात.

हायकोर्टाजवळचे वकील :
कायदाही तेच धरून चालला. १८६६ चा धर्मांतरितांचा विवाहविच्छेद कायदा होता, आता रद्द झाला. त्यात ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार नांदायला तयार नसेल तर कोर्टात जावं लागे. म्हणजे बाप्तिस्म्याने आधीचं लग्न आपोआप सुटत नव्हतं.

संस्कृतच्या बाई :
रेव्हरंड टिळकांचं घ्या की. बाप्तिस्मा १८९५ मध्ये, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळं पाळणारी, आणि तरी नवरा-बायकोच.

सुदामानगरची :
बरं, प्रूफ असं पाठवतेय : वचन आहे तसंच ठेवलं, शास्त्रातला शब्द मी बदलणारी कोण, पण खाली बारीक टाइपात "साहाय्यक : मूळ अर्थ, तोडीस तोड उभी राहून तारणारी". नवरीने आत्ताच पाहिलं. म्हणाली टाइप बारीक कशाला.