मदत हवी आहे: शनिवारी रात्री घरात एकटी आहे, भीतीचा कोणता गेम घेऊ? (मुक्काम सांगली, लाइटचा भरवसा नाही)

निवांत_सांगली

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आई-बाबा आणि आजी पंढरपूरला मुक्कामी चाललेत, रविवारी दुपारी परत. भाऊ पुण्यात असतो. म्हणजे अख्खं घर माझं आणि "बंद कर ते आता, डोळे जातील" म्हणणारं कुणी नाही. दिवे मालवायचे, हेडफोन चढवायचे आणि रात्रभर भीतीचा एकच गेम खेळायचा, असा बेत आहे. आजवर असले गेम मी यूट्यूबवर दुसऱ्यांनी खेळताना बघितलेत. माउस आपल्या हातात आला की वेगळं वाटतं म्हणतात, ते एकदा बघायचंय.

सर्वांत भीतीदायक दहा, वीस, पन्नास अशा याद्या रग्गड वाचल्या. त्यांत माझ्या अडचणी कुणी विचारात घेत नाही, म्हणून हा धागा.

रात्री दहा ते तीन-साडेतीन एवढा वेळ आहे. वीस तासांचा गेम घेतला तर पुढच्या रात्री आजी पलीकडच्या खोलीत जपमाळ ओढत बसलेली असणार. मग कसली भीती आणि कसलं काय.

पीसी जुना आहे: आय५, ८ जीबी रॅम, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. सायलेंट हिल २ चा २०२४ चा नवा अवतार सुचवू नका, त्याला किमान १०७० टीआय आणि १६ जीबी रॅम लागते. बघून, हळहळून झालंय.

लाइट हे मोठं दुखणं. वळवाचे दिवस आहेत. वारं सुटलं की लाइट जाते, येते, परत जाते. इन्व्हर्टर आहे, पण माझ्या खोलीतला प्लग त्यावर नाही आणि पीसीला यूपीएस नाही. तेव्हा सेव्ह कसं होतं ते सांगाल तर बरं.

आणि पाण्याचं काही नको. बुडणं, जिन्यावर चढत येणारं पाणी, असलं काहीही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही गावभागात राहत होतो. आता विश्रामबागेत आहोत. एवढ्यावर समजून घ्या.

रक्ताचं वावडं नाही. पण कपाटातून "भॉक" करून अंगावर येणारे गेम नकोत. तसं दचकायला आमचा कुकरही पुरतो. पुढच्या दारापर्यंत जावंसं वाटू नये, असलं काहीतरी हवंय. रेसिडेंट ईव्हिल ७ अख्खा बघून झालाय, म्हणून बाद. मोबाइलवरच्या 'ग्रॅनी' गेममधली ती काठीवाली म्हातारीही नको, ती आमची भाचरं जेवताना खेळतात. बजेट हजाराच्या आत.

भडंगभाऊ

आउटलास्ट. डोळे झाकून घ्या. २०१३ चा आहे, तुमच्या पीसीवर पळत सुटेल. हातात हत्यार नाही, नुसता कॅमेरा. अंधारात बघायचं तर नाइट व्हिजन लावायचं, आणि त्याची बॅटरी संपत जाते. पाच-सहा तासांत खेळ खलास. चेकपॉइंट (इथवरचा खेळ सेव्ह होण्याच्या जागा) आपोआप पडतात, लाइट गेली तरी फार मागे जाणार नाही. लय भारी.

ढापणी

भडंगभाऊ, ताईंनी "भॉक नको" लिहिलंय आणि तुम्ही भॉकचा कारखानाच दाखवलात. कॅमेऱ्याची कल्पना झकास आहे हे मान्य. हिरव्या उजेडात लांबवर दोन डोळे चमकतात तेव्हा माझाही हात थांबला होता. पण पहिल्या तासानंतर तेच ते: कुणीतरी मागे लागतं, आपण पळतो, पलंगाखाली शिरतो. शिवाय मनोरुग्णालय म्हणजे राक्षसांचा गोठा, हे चित्र मला तरी आता बघवत नाही.

रात्रपाळीवाला

एलियन आयसोलेशन, २०१४. अजून त्याच्या तोडीचं काही आलेलं नाही. एक अंतराळस्थानक, त्यात एक प्राणी, आणि तो मारता येत नाही. गंमत अशी की त्या प्राण्याला दोन मेंदू दिलेत. वरच्याला तुम्ही कुठे आहात ते कायम माहीत असतं, पण तो खालच्याला नेमकी जागा सांगत नाही, फक्त "त्या बाजूला बघ" एवढंच सुचवतो. खालचा मेंदू कानाने आणि डोळ्याने शोधतो. फार वेळ तुमच्या बोकांडी बसून झालं की वरचाच त्याला छतातल्या नळकांड्यांत परत पाठवतो, म्हणजे तुम्हाला श्वास घेता येतो. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी येणारं भूत नाही हे, त्यामुळे यूट्यूबवर बघितलेलं इथे कामाला येत नाही.

पण ताई, तुमच्या अटींत दोन ठिकाणी नापास. पंधरा-वीस तास लागतात. आणि सेव्ह आपोआप होत नाही. भिंतीवर एक यंत्र असतं, त्यात कार्ड घालून दिवे लागायची वाट बघत उभं राहावं लागतं, आणि त्या अवधीतही तो मागून येऊ शकतो. त्यात लाइट गेली तर तुम्ही स्क्रीन फोडाल.

निवांत_सांगली

ताई नको, नुसतं निवांत म्हणा, इथं सगळे बरोबरीचे. एलियनचं वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवते. तेव्हा वळीव नसेल.

पेवकर

मी हरिपूरचा. आयर्न लंग कुणी सांगितला कसा नाही? २०२२ चा. तासाभराचा खेळ, कसल्याही डबड्यावर चालतो आणि स्वस्त आहे. एका कैद्याला लहानशा पाणबुडीत कोंडून रक्ताच्या समुद्रात सोडलंय. खिडकी बंद केलेली. बाहेरचं काही दिसत नाही. नकाशावरचे आकडे बघत पाणबुडी हाकायची, बटण दाबून बाहेरचा फोटो काढायचा, तो धूसर फोटो पडद्यावर उमटेपर्यंत थांबायचं. भिंत जवळ आली की टिकटिक होते. एवढंच. त्या टिकटिकीने मला घाम फोडला.

ढापणी

अहो, पाणी नको म्हटलंय ना त्यांनी.

पेवकर

पाणी कुठंय, रक्त आहे. आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. पण बरोबर आहे तुमचं. बंद डबा आणि बाहेरून दाब, पुरातून गेलेल्या माणसाला नको ते. २०१९ ला आम्हीही हरिपूर सोडून नातलगांकडे गेलो होतो. माझी सूचना मागे घेतो.

भडंगभाऊ

मग अॅम्नेशिया? जुना असला तरी बाप आहे.

रात्रपाळीवाला

२०१० चा अॅम्नेशिया मी एरवी पहिला सांगितला असता, पण निवांतनी तो टाळावा. गुडघाभर पाण्याने भरलेला एक तळघराचा भाग आहे. पाण्यात काहीतरी चालतंय, ते दिसत नाही. दिसतात फक्त पाण्यावर उमटणारे शिंतोडे, आणि ते आपल्याच दिशेने येतात. आपण एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारत जायचं. पाय पाण्यात पडला की ते धावत येतं. गेमच्या इतिहासात एवढ्या कमी सामानात एवढी भीती फार थोड्यांनी उभी केली असेल. पण तुमच्यासाठी नाही. त्याच कंपनीचा २०१५ चा सोमा तर जवळजवळ सगळाच समुद्राच्या तळाशी.

त्याच घरातला अॅम्नेशिया द बंकर घ्या. २०२३ चा. पहिलं महायुद्ध, १९१६, एक फ्रेंच सैनिक बंकरमध्ये अडकलाय. सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे जनरेटर. तो चालू तोवर दिवे, बंद पडला की अंधार, आणि अंधार झाला की भिंतीतल्या बिळांमधून ते जनावर जास्त मोकाट फिरतं. इंधनाचे डबे तुम्ही शोधून आणायचे. खिशातल्या घड्याळावर किती वेळ उरलाय ते दिसतं. हातात टॉर्च आहे, पण तो दोरी ओढून चालवायचा आणि त्याचा आवाज होतो. म्हणजे उजेड हवा तर आवाज करायचा, आणि आवाज केला तर ते येणार. पिस्तूल आहे, गोळ्या बोटावर मोजण्याइतक्या.

यात खरी भीती हिशोबाची आहे. डबा आता टाकू का नंतर? दिवे असताना लांबच्या दालनात जाऊन येणं होईल का? हे निर्णय तुमचे, म्हणून बघण्यात आणि खेळण्यात जो फरक तुम्हाला तपासायचाय तो इथे पुरेपूर कळेल. वस्तूंच्या जागा आणि कुलपांचे आकडे दर खेळाला बदलतात, त्यामुळे आधी पाहिलेलं असेल तरी उपयोग नाही.

निवांत_सांगली

घरात लाइट जाणार, गेममध्येही लाइट जाणार. वा! सेव्हचं काय पण? आणि पाच तासांत संपेल का?

रात्रपाळीवाला

सेव्ह करायला सुरक्षित खोलीत परत यावं लागतं, तिथे कंदिलापाशी होतं. सराव असलेला माणूस चार-पाच तासांत संपवतो, पहिल्यांदा खेळणारा चाचपडत जास्त घेतो. पण संपवायचा हट्ट कशाला? असल्या गेमची भीती पहिल्या दोन-तीन तासांतच असते. त्या जनावराने तुम्हाला सात-आठदा मारलं की ते चौकातल्या बैलासारखं वाटायला लागतं: कुठून जातं माहीत झालं, की बाजूने निघायचं. भीती गेली की उरतो तो नुसता कोड्यांचा खेळ. तो रविवारी सकाळी चहा पीत संपवा.

ढापणी

हे मात्र शंभर टक्के खरं. तरी गोष्ट एका रात्रीत पुरी व्हायलाच हवी असेल तर डिटेन्शन बघा. तैवानचा, २०१७ चा, तीन-चार तासांचा, सपाट चित्रांचा गेम, तुमचा पीसी झोपेत चालवेल. १९६० च्या दशकातली शाळा, लष्करी कायद्याचे दिवस, बंदी घातलेली पुस्तकं चोरून वाचणारी मुलं. वादळामुळे दोघं शाळेत अडकतात आणि नदी ओलांडता येत नाही, एवढा पाण्याचा संबंध आहे, तो आधीच सांगते.

भुतं समोर आली की पळायचं नाही. श्वास रोखून, हळू बाजूने जायचं. आणि वाटेत भाताचं भांडं ठेवलं की भूत तिकडे वळतं. मी पहिल्यांदा ते केलं तेव्हा हसूच आलं, कारण आमची आजी तिठ्यावर दहीभात ठेवायची तो असाच. पुढे हसू राहिलं नाही. शेवटी कळतं की भुतांपेक्षा कुणीतरी कुणाचं तरी नाव सांगितलं, ते जास्त भयंकर होतं. यापुढे सांगत नाही.

आप्पा_कुपवाड

गेममधलं मला काही कळत नाही, लाइटचं कळतं. वायरिंगचं काम करतो. पोरी, यूपीएस विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या हॉलमधला टीव्हीचा प्लग बहुतेक इन्व्हर्टरवर असेल. मेन बंद करून एकदा बघ. इन्व्हर्टरच्या मागे नाहीतर बाजूला एक बटण असतं, त्यावर यूपीएस आणि नॉर्मल असं लिहिलेलं असतं. ते यूपीएसवर कर. नॉर्मलला लाइट बदलताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात कॉम्प्युटर बंद पडतो, यूपीएसला पडत नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असला पाहिजे, जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर कॉम्प्युटर लावू नकोस. आणि लाइट गेल्यावर पंखे बंद ठेव, बॅटरी पुरेल. गुरुवारीच करून बघ, शनिवारी रात्री वायरी ओढत बसू नकोस.

आणि मागचं दार, गच्चीचं दार दिवेलागणीलाच लाव. शेजारी सांगून ठेव.

निवांत_सांगली

आप्पा, दंडवत. बघितलं, साइन वेव्हच आहे आणि बटण नॉर्मलवर होतं! टीव्हीचा प्लग इन्व्हर्टरवरच आहे. म्हणजे पीसी हॉलमध्ये हलवावा लागणार. हॉलमधून वरचा जिना थेट पाठीमागे येतो. ठीक आहे, हेच तर हवं होतं.

रात्रपाळीवाला

मग जिन्याकडे पाठ करूनच बसा.

सुरुवातीला गेम उजेड किती ठेवायचा ते विचारतो, आणि अमुक चित्र जेमतेम दिसेपर्यंत खाली आणा म्हणतो. सगळे जण ते चोरून वाढवतात. वाढवू नका. पडद्यावरचं प्रतिबिंब घालवायला फक्त हॉलचा पडदा ओढून घ्या, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्यात निम्मं दिसणारच नाही.

भडंगभाऊ

आणि आवडला नाही तर? पैसे गेले?

ढापणी

स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेतला तर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. पण निवांत, त्या नादात गुरुवारीच तासभर खेळून बघू नका. उतरवून घ्या, चालू होतो का बघा, आवाज आणि उजेड लावा आणि बंद करा. पहिला तास शनिवारसाठी ठेवा.

निवांत_सांगली

ठरलं. बंकर. यूपीआयने आत्ता घेतला, उतरतोय. डिटेन्शन यादीत टाकलाय, तो आजी घरी असतानाही चालेल असं दिसतंय, आणि तो दहीभाताचा प्रकार तिला दाखवायचाय.

एकच शेवटचा प्रश्न. हेडफोन दोन्ही कानांवर ठेवू का एक कान मोकळा? समोरच्या काकूंनी रात्री फोन करते म्हणून सांगितलंय, आणि नाही उचलला तर त्या थेट बेल वाजवतील.

रात्रपाळीवाला

दोन्ही. त्यातला निम्मा खेळ कानाने खेळायचा आहे, भिंतीतलं खरवडणं डावीकडून येतंय का उजवीकडून ते एका कानाने कळत नाही. काकूंना दहाच्या आतच फोन करून घ्या.

आप्पा_कुपवाड

एक कान मोकळा ठेव.