फोमचे घन : दोन संच एकत्र झालेत, बारा तुकडे आणि एकही घन जुळेना. सल्ला हवा

घोळनिस्तरी
जाडसर फोमचे चौकोनी तुकडे, कडेला दात आणि खाचा, सहा तुकडे एकमेकांत अडकवले की पोकळ घन. हे कोडं बहुतेकांनी पाहिलं असेल. आमच्याकडे एकाच रंगाचे दोन संच होते. पोरांनी ते एकाच पिशवीत कोंबले. तीन संध्याकाळी गेल्या, पाच बसतात आणि सहावा दरवेळी रुसतो. कुठला तुकडा कुठल्या संचाचा हे ओळखायची काही युक्ती आहे का? आणि जुळवायची काही रीत असते की नुसती खटपटच?

कोपरापुराण
आधी तुकडे मोजा, मग हात लावा. तुकड्यावर मनातल्या मनात ५ बाय ५ घरं आखा. मधली ९ घरं भरलेलीच असतात, सगळा खेळ कडेच्या १६ घरांचा. घनाला कोपरे ८. प्रत्येक कोपऱ्यावर तीन तुकडे भेटतात आणि तिथला दात त्यांपैकी एकाचाच असतो. म्हणजे संचातल्या सहा तुकड्यांवरचे कोपऱ्याचे दात मोजले तर बरोबर ८ भरले पाहिजेत. कडा १२, प्रत्येकीवर मधली ३ घरं, म्हणून मधले दात ३६. हे दोन आकडे जमले नाहीत तर तो गट सोडून द्या.
बाराचे सहा-सहा असे दोन गट ४६२ प्रकारे पडतात. मोजणीने त्यातले बरेचसे कटतात. जमले तरी घन होईलच असं नाही बरं का, पण न जमणाऱ्यावर रात्र वाया जात नाही.

रिकामटेकडा
मोजणी वगैरे ठीक, पण आधी तुकडे उजेडात धरून कडेने बघा. दोन संच वेगवेगळ्या फोममधून कापलेले असतील तर जाडीत किंवा रंगाच्या छटेत किंचित फरक दिसतो.
रीत म्हणाल तर मी चार तुकडे टेबलावर ओळीत जुळवतो, पट्टी गुंडाळून कडं करतो आणि मग वर-खाली झाकणं. कडं एकदा मिटलं की वरच्या झाकणासाठी दोन तुकडे, प्रत्येकाच्या आठ बाजू (चार फिरवून, चार उलटून), म्हणजे सोळाच प्रकार तपासायचे.

कोपरापुराण
कड्याशी माझं जमत नाही. चारही तुकडे मस्त बसतात, मग झाकण लावताना कळतं की कोपऱ्यात दोन दात एकमेकांवर आदळताहेत. पट्टीत कोपऱ्याशी दोनच तुकडे भेटतात, तिसरा येईपर्यंत चूक लपून राहते. मी तीन तुकडे एका कोपऱ्याभोवती लावून सुरुवात करतो. तीन कडा आणि एक कोपरा तिथल्या तिथे तपासून होतात. सुरुवातीला सगळ्यात आडमुठा तुकडा घ्यायचा: दात-खाच-दात अशी आलटून पालटून कड असलेला. त्याला जोडीदार कमी मिळतात, म्हणून शोधही कमी.

सहावा_तुकडा
नुसत्या खटपटीचा हिशोब सांगतो, म्हणजे मोह होणार नाही. पहिला तुकडा जागेवर ठेवला तर उरलेल्या पाचांच्या जागा १२० प्रकारे, आणि प्रत्येकाच्या आठ बाजू. गुणाकार ३९,३२,१६०. एका सेकंदाला एक तपासला तरी न झोपता दीड महिना.
आणि फोम दाबू नका! तो लवचीक असतो, चुकीचा तुकडाही जोर लावला की बसल्यासारखा वाटतो. जोडावरून नख फिरवा, बरोबर असेल तर अडत नाही. शंका आली तर दिव्यासमोर धरा, फटीतून उजेड येतो.

वाचनमात्र
अवांतर: हा प्रकार 'हॅपी क्यूब' नावाने माहीत असलेल्यांसाठी, तो बेल्जियमच्या डिर्क लॉरेसेन्स यांनी १९८६ मध्ये काढला. 'स्नॅफूझ' म्हणून चुलत भाऊ आहे, त्यात ६ बाय ६ घरं. कडेला आणखी चार घरं, आणखी डोकेदुखी. बाकी चालू द्या.

घोळनिस्तरी
सगळ्यांचे आभार. काल रात्री मोजत बसले. बारा तुकड्यांवर कोपऱ्याचे दात १६ भरायला हवेत. भरले १५. तीनदा मोजले, १५च. मधले ७२ मात्र पक्के.

कोपरापुराण
मग एक कोपरा तुटलाय. सगळे मोकळे कोपरे नखाने तपासा. कारखान्यात कापलेली कड गुळगुळीत असते.

घोळनिस्तरी
सापडला! एका तुकड्याचा कोपरा खरखरीत होता आणि शेजारी दोन अर्धगोल ठसे. धाकट्याचे पुढचे दात, माप तंतोतंत. 😄 तो दात आहेच असं धरून पुन्हा गट पाडले, तुमच्या कोपरा पद्धतीने एक घन पाऊण तासात झाला. एका कोपऱ्याला खळगा आहे. दुसऱ्याचे पाच बसलेत.

रिकामटेकडा
सहावा उलटून बघा.

घोळनिस्तरी
बघितला. पाचांपैकीच एक उलटा होता.